डाव्या पायडलचे उलटे आटे

सायकल दुकानात नव्याने लागलेल्या पोऱ्याची खरी परीक्षा पंचरवर होत नाही, डाव्या पायडलवर होते. उजवे पायडल इतर नटांसारखे सुटते, डाव्याला मात्र उलटे आटे असतात. हे ठाऊक नसलेला गडी जीव खाऊन पाना ओढतो आणि पायडल सुटण्याऐवजी आणखी आवळून बसते.

हा उलटा कारभार आला, असे म्हणतात, अमेरिकेतल्या ओहायोमधल्या डेटन गावाकडून. विमानाच्या आधी राइट बंधूंचा धंदा सायकलींचा होता. पायाचा भार फिरता असल्याने पायडलची दांडी भोकात किंचित सरकत राहते आणि डाव्या बाजूला सरळ आटे असतील तर हळूहळू सैल होते. 1900 साली राइट बंधूंनी डावीकडे उलटे आटे दिले आणि ‘आपोआप न सुटणारे पायडल’ म्हणून त्याचा गाजावाजा केला.

हे पायडल इकडे पोचण्याआधीच आमच्या बुलढाणा जिल्ह्यात बाहेरच्या मालाची वाट खुली झाली होती. भुसावळ-नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाववरून 1867 मध्ये पूर्ण झाला आणि कापसाच्या पेठेसाठी 1870 मध्ये जलंब-खामगाव फाटा सुरू झाला. पुढे देशभर सायकली आल्या त्या विलायतीच: नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमच्या हर्क्युलिस आणि बीएसए. त्यांच्याबरोबर इंचाचे मापही आले. पायडलची दांडी 9/16 इंच जाडीची, दर इंचाला 20 आटे.

मग 1956 साल उजाडले. बुलढाणा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि लुधियानात हिरो सायकलचा कारखाना निघाला. वरळीची हिंद, मद्रासजवळच्या अंबत्तूरचा टीआय कारखाना आणि सोनीपतची ॲटलस ही मंडळी आधीपासून होतीच. राज्य बदलले, मापे बदलली, सायकल देशी झाली. पायडलचे आटे तेवढे आजही इंचातच आहेत. गंमत म्हणजे त्यावर चालणारा पाना मात्र 15 मिलिमीटरचा!

तो पानाही साधा चालत नाही. क्रँक, म्हणजे पायडल धरणारा दांडा, आणि पायडल यांच्यामधली फट अरुंद असते, तिथे जाड तोंडाचा पाना शिरत नाही. पातळ तोंडाचा, लांब दांड्याचा पाना हवा. स्क्रू-पान्याने कडा घासून गोल झाल्या की पुढचा खर्च अटळ.

या जिल्ह्यात पायडल जाम होण्याला जमीनही हातभार लावते. पूर्णेच्या खोऱ्यातला शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडचा बराच भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. पावसाळ्यात तिथली काळी माती सायकलला लिंपून राहते, आणि खारट ओल लोखंडावर गंज लवकर चढवते. पोलादी क्रँकमध्ये पोलादी दांडी गंजली की दोन्ही एकजीवच होतात.

अशा वेळी जोरापेक्षा धीर उपयोगी पडतो. आट्यांवर मातीचे तेल सोडून रात्रभर ठेवायचे. सकाळी क्रँक पुढच्या चाकाकडे आडवी धरायची, पान्याचा दांडा मागच्या चाकाकडे करायचा आणि वरून दाबायचे. ही दिशा दोन्ही बाजूंना लागू पडते, उलट-सुलट आठवत बसायला नको. चेन मात्र मोठ्या चक्रावर चढवलेली असावी, नाहीतर पाना सटकला की बोटे दातऱ्यांवर सोलून निघतात. तरीही दाद दिली नाही तर जुन्या काळ्या सायकलीचा कॉटर, म्हणजे क्रँक धरून ठेवणारी खीळ, ठोकून क्रँकच काढायची, वाइसमध्ये आवळायची आणि भोकाभोवती थोडी धग द्यायची. कॉटरवर हातोडी घालताना त्याचा नट पुरता काढू नये. टोकाचे आटे चेपले तर कॉटर वाया जातो. एवढे करूनही हटले नाही तर क्रँक बदलणे शहाणपणाचे.

राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या आणि शाळेची वाट पुन्हा पायडलवर आली. ज्यांच्या घरी अशी सायकल आहे त्यांनी मृग लागण्याआधी एकदा दोन्ही पायडले काढून आट्यांना ग्रीस लावून घ्यावे.