भोंग्याचे शहर

सोलापूरची थोरवी भुईकोट किल्ल्यापासून आणि सिद्धेश्वराच्या तळ्यापासून मोजण्याचा प्रघात आहे. परंतु या गावाला शहराचा धकाधकीचा स्वभाव कोठून आला हे पाहावयाचे झाल्यास बुरुजांपेक्षा गिरणीच्या धुराड्याकडे पाहणे अधिक उचित, असे माझे मत आहे. १८६० साली लोहमार्ग येथवर आला, १८७६-७७ च्या दुष्काळाने जिल्ह्याची रयत देशोधडीला लागली, आणि त्याच १८७७ मध्ये, पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी या गिरण्या मागाहून आल्या.

गिरणीने मजुरी दिली खरी, परंतु त्याबरोबर भोंगाही दिला. ज्या कुणब्याने आजवर सूर्य आणि नक्षत्रे यांखेरीज कोणाची ताबेदारी मानली नव्हती, त्याला पहाटेच्या अंधारात भाकरीचे फडके काखोटीस मारून दरवाजा बंद होण्याच्या आत हजेरी गाठावी लागे; उशीर झाला की खाडा, आणि खाड्यापेक्षाही भय मुकादमाच्या मर्जीचे. १९२२ च्या कायद्याने दिवसाचे काम अकरा तासांवर आणले, ही त्या काळी सवलत समजली जाई! गिरणीत पाऊल न टाकणाऱ्यांचेही चुलीपासून दुकानाच्या फळ्या उघडण्यापर्यंतचे सारे व्यवहार त्याच आवाजाने बांधले गेले. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या पेठांना एका क्षणी जागे करणारा एवढा निःपक्षपाती अंमलदार सोलापुरास दुसरा लाभला नाही.

या जाचाला उतारा होता तो संक्रांतीच्या गड्डा यात्रेचा. सिद्धरामेश्वरांनी स्थापिलेल्या अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालणारे सात उंच नंदीध्वज, संमती कट्ट्यावरील अक्षता आणि शेवटचे शोभेचे दारूकाम पाहण्यास लोटणाऱ्या गर्दीत साच्यावरचा कामगार आणि त्याचा मुकादम एकमेकांना खेटून उभे राहत. मे १९३० मध्ये सरकारने याच शहरावर लष्करी कायदा पुकारला, तेव्हा रस्त्यावरील समुदायाची ताकद सरकारलाही उमगली होती.

गिरण्या एकेक करून बंद पडल्या. पूर्वभागात मात्र पद्मशाली विणकरांच्या घराघरांतून चादरी आणि टॉवेलांचे यंत्रमाग खडखडत राहिले; तेथे पाळी संपल्याचे सांगणारा भोंगा नाही, आणि पुष्कळदा संपणारी पाळीही नाही.