जुन्या ॲम्पचं पोट उघडताना

लहानपणी आमच्या वाड्यात खालच्या मजल्यावर एक रेडिओवाले काका होते. त्यांच्या खोलीत शिरायचं तर एक नियम होता, कशालाही हात लावायचा नाही. ते स्वतः उघड्या रेडिओवर काम करताना डावा हात पँटच्या खिशात ठेवायचे. मला वाटायचं ही त्यांची स्टाईल आहे. :) बऱ्याच वर्षांनी कळलं की दोन्ही हात आत घातले आणि चुकून करंट लागला, तर तो एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मधे हृदय लागतं. एक हात खिशात असला की तो रस्ताच बंद.

काकांची आठवण यायचं कारण म्हणजे २००८ साली न्यू जर्सीत ऑनसाइट असतानाची एक गोष्ट. माझ्या टीममधल्या एका अमेरिकन कलीगचे वडील वारले आणि त्यांचा साठच्या दशकातला गिटार ॲम्प्लिफायर याच्याकडे आला. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा दोष नव्हता, वयाचा होता. वडील शनिवारी रात्री बारमध्ये वाजवायचे. याने तो ॲम्प बेसमेंटमध्ये लावला, गिटार गळ्यात घातली, माइकसमोर गेला... आणि ओठांना फटका बसला. हसत हसतच सांगत होता, 'बाबांनी चिमटा काढला.' मला मात्र हसू आलं नाही. मी म्हटलं, शनिवारी हा डबा घेऊन एखाद्या माणसाकडे जाऊ. माणूस मिळाला. गॅरेजमध्ये एकटाच काम करणारा एक म्हातारा टेक्निशियन. पुढचे तीन-चार शनिवार मी त्याच्याकडे पडीक होतो.

तर आधी तो फटका का बसला ते. त्या काळच्या अमेरिकन ॲम्पना दोन पिनांचा प्लग असायचा. अर्थिंगची तिसरी पिन नाही, आणि प्लग उलटसुलट कसाही बसायचा. घरघर कमी करायला मागे एक 'ग्राउंड'चा स्विच असायचा आणि त्याच्यामागे मेन्सची एक बाजू आणि ॲम्पची लोखंडी चॅसी यांच्यामध्ये एक छोटासा कंडेन्सर. गिटारच्या तारा केबलमधून थेट त्या चॅसीला जोडलेल्या. तो कंडेन्सर म्हातारपणी गळायला लागला की चॅसी 'जिवंत' होते, म्हणजे तारा जिवंत, म्हणजे वाजवणारा जिवंत (तोपर्यंत तरी!). समोरचा माइक दुसऱ्या यंत्राला जोडलेला, त्याला अर्थिंग आहे. ओठ टेकले की सर्किट पूर्ण. रिपेअरवाले या कंडेन्सरला सरळ 'डेथ कॅप' म्हणतात.

हे नाव उगाच पडलेलं नाही. १९७२ च्या ३ मेला वेल्समधल्या स्वान्सी इथे 'स्टोन द क्रोज' बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे स्टेजवरच शॉक बसून गेला. माइकला अर्थिंग नव्हतं आणि त्याचे हात ओले होते. १९७६ मध्ये 'यार्डबर्ड्स'चा गायक कीथ रेल्फ घरी गिटार वाजवताना गेला, तिथेही अर्थिंगचीच भानगड. दोघांच्या अपघातातली यंत्रं वेगळी होती, तो विशिष्ट कंडेन्सर तिथे होता असं मी म्हणत नाही. पण धडा तोच.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? तिसरी पिन लाव, जुने भाग काढ, नवे टाक, संपलं. इथेच तर खरी गंमत आहे. माझा कलीग म्हणाला, 'वायर बदला, पण बाकी काही बदलायचं नाही. मला बाबांचा साउंड हवाय.' जुन्या ॲम्पच्या दुनियेत हे भांडण फार जुनं आहे. ते समजायला थोडा इतिहास सांगावा लागेल.

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ रिपेअरवाला. १९३८ मध्ये त्याने दुकान काढलं. शिक्षणाने अकाउंटंट, आणि या माणसाला गिटार वाजवता यायची नाही! १९५१ मध्ये त्याने इलेक्ट्रिक बास गिटार बाजारात आणली आणि तिच्यासाठी पुढच्या वर्षी 'बासमन' नावाचा ॲम्प. बासमन सुधारत सुधारत १९५८ ते १९६० च्या सुमाराला '५एफ६-ए' या सर्किटवर पोचला. साधारण ४५ वॉट, दहा इंची चार जेन्सेन स्पीकर, बाहेरून सूटकेसला लावतात तसं ट्वीड कापड. केला होता बाससाठी, पळवला गिटारवाल्यांनी.

हेच सर्किट लंडनला पोचलं. जिम मार्शल हा ड्रम शिकवणारा माणूस. १९६० मध्ये त्याने पश्चिम लंडनच्या हॅनवेलमध्ये अक्सब्रिज रोडवर दुकान काढलं, ड्रमचं. ड्रमवाले आपापल्या बँडमधल्या गिटारवाल्यांना घेऊन यायला लागले. त्यांना अमेरिकन ॲम्प हवे होते, पण आयात माल फार महाग. मार्शलच्या दुकानातला रिपेअरवाला केन ब्रॅन आणि ईएमआयमधला अठरा वर्षांचा पोरगा डडली क्रेव्हन यांनी १९६२ मध्ये सरळ ५एफ६-ए उतरवून काढला. आपल्या भाषेत, फोर्क मारला. त्याचं नाव 'जेटीएम-४५', जिम आणि त्याचा मुलगा टेरी यांच्या आद्याक्षरांवरून.

कागदावर दोन्ही सर्किटं शेजारी ठेवली तर जुळी वाटतात. पण पहिल्या व्हॉल्व्हच्या जागी फेंडरने १२एवाय७ लावला होता, त्याचा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर ४४. मार्शलकडे ईसीसी८३, त्याचा १००. ट्रान्सफॉर्मर इंग्लंडात मिळतील ते. आउटपुटला काही दिवसांनी ब्रिटिश केटी६६. स्पीकर सेलेस्टियनचे बारा इंची, तेही मागून बंद पेटीत. फीडबॅक घेतला तो ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्याच टॅपवरून. एकेक बदल किरकोळ, सगळे मिळून आवाज वेगळा. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या बँडबरोबर याच घराण्यातला मार्शल कॉम्बो फुल आवाजावर ठेवून रेकॉर्डिंग केलं आणि रॉक गिटारचा आवाज म्हणजे काय, याची व्याख्याच बदलली.

म्हणजे जुने भाग जपा म्हणणाऱ्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. सर्किट तेच ठेवून भाग बदलले तर काय होतं, याचं उत्तर 'मार्शल' असं आहे!

पण दुसरी बाजू मला त्या गॅरेजमध्ये दिसली. म्हाताऱ्याने ॲम्प लगेच लावला नाही. आधी मेन्सच्या वायरीत एक साधा बल्ब सिरीजमध्ये घातला. मला एकदम वाड्यातल्या काकांचा सिरीज बोर्ड आठवला, हुबेहूब तोच जुगाड. आत शॉर्ट असेल तर बल्ब ढणाढणा पेटतो आणि ॲम्प वाचतो. मग प्लग काढून फिल्टर कंडेन्सर डिस्चार्ज केले. हे लिहितोय म्हणून कोणी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नका. मोठ्या ॲम्पमध्ये आत ४०० च्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते कंडेन्सरमध्ये दबा धरून बसलेले असतात. आणि हो, त्याचाही डावा हात खिशात होता.

मग एकेक भाग मोजायला सुरुवात. फिल्टर कंडेन्सरमध्ये ओलसर रसायन असतं, ते वर्षानुवर्षांत सुकतं. मग घरघर वाढते, जोरात वाजवलं की आवाज मान टाकतो, आणि कधी एक शॉर्ट झाला तर जाताना ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. ट्रान्सफॉर्मर म्हणजे ॲम्पचं काळीज, तो मूळचा पुन्हा मिळत नाही. कार्बनचे रेझिस्टर वयाबरोबर वर सरकतात. एक लाख ओहम्सचा रेझिस्टर मीटरवर सव्वा लाखाला पोचला होता. ज्या काळ्या फायबर बोर्डवर सगळे डाग दिलेले असतात ते बोर्ड दमट हवेत ओल पितं आणि जिथे करंट जायला नको तिथे थोडाथोडा जाऊ लागतो.

म्हणजे बघा, भाग सगळे ओरिजिनल ठेवले तरी आवाज ओरिजिनल राहत नाही. १९६५ चा ॲम्प २००८ मध्ये जसा वाजतो तसा तो १९६५ मध्ये कधीच वाजला नव्हता. तुम्हाला वस्तू जपायचीय की आवाज? दोन्ही एकदम होत नाही. माझं मत विचाराल तर वाजवायच्या ॲम्पमधले फिल्टर कंडेन्सर बदलावेत, डेथ कॅप काढावा, तिसरी पिन लावावी, यावर चर्चाच नको. ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि सिग्नलच्या वाटेवरचे जे भाग धडधाकट आहेत त्यांना हात लावू नये. काही कारागीर जुन्या कंडेन्सरचं कवच पोखरून त्यात नवा कंडेन्सर बसवतात, बाहेरून सगळं जुनंच दिसतं. हातातली कला म्हणून मानलं, पण विकताना सांगितलं नाही तर ती फसवणूकच.

व्हॉल्व्हची कहाणी अजून वेगळी. ते तर बल्बसारखे, संपणारच. ट्रान्झिस्टर आल्यावर जगभरचे कारखाने बंद होत गेले. अमेरिकेत आरसीएने १९७६ मध्ये हात आखडता घेतला. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये फिलिप्सच्या मदतीने रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली होती. काकांच्या कपाटात ते खोके रांगेने असायचे. आज गिटार ॲम्पवाल्यांची मुख्य भिस्त स्लोव्हाकियातला जेजे, रशियातल्या सारातोव्हचा कारखाना आणि चीन यांच्यावर. त्या सारातोव्हच्या कारखान्याचा मालक न्यूयॉर्कचा माइक मॅथ्यूज, आणि तिथूनच 'मुलार्ड' हे जुनं इंग्लिश नाव छापलेले व्हॉल्व्ह निघतात. नावापुरतंच इंग्लंड! मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातबंदी लावली तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांचे धाबे दणाणले. पुढे परवानगी मिळाली आणि माल सुरू झाला, पण साठ वर्षं जुनी अमेरिकन यंत्रं सारातोव्हवर अवलंबून आहेत हे त्या आठवड्यात सगळ्यांना कळलं.

असो. परत गॅरेजमध्ये. कलीग अजून अडून बसला होता. 'बाबांनी याला कधी कोणाला हात लावू दिला नाही,' हे त्याचं पालुपद. म्हातारा काही बोलला नाही. त्याने भिंग दिलं आणि फिल्टर कंडेन्सरवरचे बारीक आकडे वाचायला लावले. त्या काळी भागांवर कारखान्याचा नंबर आणि पुढे वर्ष-आठवडा छापायचे. ट्रान्सफॉर्मरवर ६०६ म्हणजे शुमाकर, स्पीकरवर २२० म्हणजे जेन्सेन, असं. याच्या ट्रान्सफॉर्मरवर १९६५ चा आकडा होता. फिल्टर कंडेन्सरवर १९७४ चा बाविसावा आठवडा.

म्हणजे वडिलांनी एकदा ते बदलून घेतले होते. मुलाच्या जन्माआधी. ज्या आवाजाला तो 'बाबांचा साउंड' म्हणत होता तो पहिल्यापासून दुरुस्त केलेल्या ॲम्पचा होता.

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, 'बदला.' म्हाताऱ्याने काढलेला एकेक भाग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीच्या आत स्टेपल केला, चॅसीच्या आतल्या बाजूला पेन्सिलने काय काय बदललं ते आणि '२००८' लिहिलं. लिहिताना त्याला तिथेच एक जुनी पुसट ओळ सापडली. नाव वाचता येत नव्हतं, साल तेवढं दिसत होतं, ७४. त्याने आपली ओळ तिच्या बरोबर खाली लिहिली.

त्या रात्री बेसमेंटमध्ये मी आधी मीटर लावून माइक आणि तारांमधलं व्होल्टेज मोजलं. शून्य. तरी पहिलं गाणं म्हणताना तो माइकपासून चांगला वीतभर लांब उभा होता.