घड्याळाचा वेग आणि उष्णतेचा लगाम

कुरुंदवाडाहून पंचगंगा ओलांडली कीं नृसिंहवाडी लागते. तेथील बासुंदीची कढई ज्यांनीं पाहिली असेल त्यांस आम्ही आज सांगणार आहों ती गोष्ट अवघड वाटूं नये. दूध लवकर आटावें म्हणून जाळ वाढविला तर तें तळाशीं करपतें. सबब हलवाई वेळींच लांकूड मागें ओढतो. लॅपटॉपमधील प्रोसेसर नेमकें हेंच करितो. पण खोक्यावर 2.6 गिगाहर्ट्झ छापलेलें असतां पडद्यावर 0.8 दिसलें कीं दुकानदारानें फसविलें असा ग्रह होतो, आणि मुलाच्या शिक्षणासाठीं पैसे साठवून घेतलेलें चांगलें यंत्र मोडींत काढण्याच्या गोष्टी घरांत सुरू होतात. हा ग्रह दूर होण्यास थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

प्रोसेसराचें काम घड्याळाच्या ठोक्यांवर चालतें. 1971 सालच्या इंटेलच्या 4004 ह्या चिपेचे सेकंदास सुमारें 7 लक्ष 40 हजार ठोके पडत; 1993 च्या पेंटियमचे 6 कोटी. (ह्या पेंटियमच्या उभारणींत अग्रभागीं असलेले विनोद धाम यांचा जन्म 1950 सालीं पुण्यास झाला.) 2000 सालच्या मार्चमध्यें तर 6 तारखेस एएमडीनें व 8 तारखेस इंटेलनें एक गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदास शंभर कोटी ठोक्यांचा, प्रोसेसर जाहीर केला. दोन दिवसांच्या आघाडीसाठीं केवढी ही ईर्षा! ग्राहकासही यंत्राची योग्यता ह्या एकाच आंकड्यावरून ठरविण्याची संवय ह्याच शर्यतीनें लागली, असें आमचें मत आहे.

ही धांव शक्य झाली त्याचें कारण आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड व त्यांचे सहकारी यांनीं 1974 सालींच दाखविलें होतें. ट्रान्झिस्टर लहान करीत जावें, त्याच प्रमाणांत विजेचा दाब उतरवावा, म्हणजे वेग वाढूनही तेवढ्याच जागेंत उष्णता पूर्वीइतकीच राहते. पण दाब एका मर्यादेखालीं उतरेना. ट्रान्झिस्टर बंद असतांही वीज गळूं लागली. 2004 च्या नोव्हेंबरांत पेंटियम 4 हा 3.8 गिगाहर्ट्झपर्यंत पोंचला खरा, परंतु एवढ्याशा चिपेंतून 115 वॅट उष्णता निघूं लागली. चार गिगाहर्ट्झचें वचन इंटेलनें त्यापूर्वींच, ऑक्टोबरांत, मागें घेतलें होतें, आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनीं भर सभेंत गुडघे टेकून त्याबद्दल क्षमा मागितली होती. व्यापारी जगांत असा प्रसंग विरळाच.

लॅपटॉपची अडचण त्याहून जुनी. कारण त्यास जागा थोडी, पंखा लहान आणि बॅटरी मर्यादित. म्हणून 2000 च्या जानेवारींत इंटेलनें स्पीडस्टेप ही युक्ति आणली. 650 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर बॅटरीवर 500 वर उतरे व दाब 1.6 व्होल्टवरून 1.35 होई. येथें एक गणित ध्यानांत घेण्याजोगें आहे: खर्च होणारी शक्ति वेगाच्या प्रमाणांत वाढते, पण दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत. त्यामुळें वेग पावहिश्शाहून कमी घटला, तरी शक्तीचा खर्च जवळजवळ निम्मा झाला. वेग सोडला तो कांहीं मूर्खपणानें नव्हे!

2008 पासून टर्बोही आला. तेव्हांपासून खोक्यावर दोन आंकडे नांदूं लागले. मूळ आंकडा म्हणजे ठरलेल्या उष्णतेच्या मर्यादेंत जड काम सतत करितांना टिकणारा वेग. मोठा आंकडा थोडा वेळ मारावयाच्या उडीचा. काम नसतां प्रोसेसर मूळ आंकड्याच्याही खालीं उतरतो, तें योग्यच होय.

काम असूनही वेग चढत नसेल, तर मात्र शोध करावा. चिप शंभर अंशांच्या घरांत गेली कीं ती आपण होऊन मंद होते. मदरबोर्डावरील दुसरा एखादा भाग तापला, तर त्याच्या इशाऱ्यानेंही प्रोसेसराचा वेग उतरविला जातो. आमच्याकडे वैशाखांत खोलीची हवाच तापलेली. त्यांत लॅपटॉप गादीवर ठेवलेला आणि जाळींत धूळ. आणखी एक कारण सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं, तें चार्जरचें. मूळचा हरवून कमी वॅटचा आणला, किंवा यंत्रास तो ओळखतां आला नाहीं, तर कांहीं लॅपटॉप थंड असतांही अगदीं तळाच्या वेगावर अडून राहतात. असा लॅपटॉप दुरुस्तीस देण्यापूर्वीं शेजाऱ्याकडून त्याच जातीचा, तितक्याच वॅटचा चार्जर घटकाभर मागून आणावा व आंकडा चढतो का तें पाहावें.