कोळंबीचे तळे आणि शेजारधर्म



कोळंबी आपणांस ठाऊक असते ती ताटातली. तिच्यापायी पूर्वकिनाऱ्यावर जे घडले, त्याचा इतिहास सहसा आपल्या कानी येत नाही.

१९९० नंतरच्या चार-पाच वर्षांत आंध्रच्या किनाऱ्यावर भाताची शेते खणून टायगर कोळंबीची तळी झाली. परदेशात भाव होता. मोठ्या कंपन्या उतरल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ दोन-चार एकरांचा धनीही कर्ज काढून उतरला. १९९४-९५ साली पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला. रोग लागलेले तळे आठ-दहा दिवसांत ओस पडे. त्या तळ्याचे पाणी ज्या कालव्यात सोडीत, त्याच कालव्यातून शेजारी आपले तळे भरी. बांध ज्याचा त्याचा होता. पाणी मात्र सर्वांचे होते.

तिकडे तमिळनाडूत गाऱ्हाणे निराळे होते: विहिरी खारावल्या, शेते नासली. ते घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले जगन्नाथन्. हे विनोबांच्या भूदानचळवळीत घडलेले सर्वोदयी कार्यकर्ते; गागोद्याच्या सुपुत्राचा वारसा असा कोळंबीच्या तळ्यापर्यंत पोहोचला. ११ डिसेंबर १९९६ रोजी निकाल लागला. किनाऱ्याच्या नियंत्रित पट्ट्यातील कोळंबीची तळी बंद करावी, पारंपरिक व सुधारित पारंपरिक पद्धती मात्र चालू राहाव्या, असे न्यायालयाने सांगितले.

काय करू नये, हे न्यायालयाने सांगितले. पण कर्जात बुडालेल्या लहान शेतकऱ्याने काय करावे? त्याचे उत्तर न्यायालयाबाहेर शोधावे लागले. पुढे सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाने आंध्रात प्रात्यक्षिके सुरू केली. पश्चिम गोदावरीतील मोगलतुरू गावी शेतकऱ्यांचा संघ उभा राहिला. उपाय साधेच होते. तळाचा काळा गाळ उपसावा; पाणी जाळीतून गाळून घ्यावे; पिलांची रोगतपासणी करून ती सर्वांनी मिळून आणावी, एकाच सुमारास आणि विरळ सोडावी; रोग दिसताच लपवू नये, शेजाऱ्याला कळवावे, आणि पाणी कालव्यात सोडू नये. या अनुभवातूनच २००७ साली लहान शेतकऱ्यांचे असे संघ बांधण्यासाठी एक राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले.

यांतील शेवटची अट सर्वांत अवघड. आपल्या तळ्यात रोग आहे असे कबूल करणे म्हणजे सावकाराला व व्यापाऱ्याला सावध करणे. ते एकट्याला झेपत नाही, संघाला झेपते. पुढे २००९ साली व्हॅनामेई ही परदेशी जात आली, तिच्यामागून नवे रोगही आले. जात बदलली, कालवा तोच राहिला. म्हणून लहान शेतकऱ्याला मदत द्यायची, तर ती एकेका तळ्याला देऊन भागत नाही. एका कालव्यावरच्या सर्वांना मिळून द्यावी लागते, हाच या इतिहासाचा बोध आहे.