दुधाचे दात, नाळ आणि शिसं

पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवतो. सवडीनं वाचा. पण ज्यांच्या घरात लहान मूल आहे किंवा येणार आहे, त्यांनी वाचाच.

शिशानं माणूस मरतो हे जगाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. शिशानं मूल मरत नाही, खेळतं-बागडतं, दिसायला धडधाकट असतं, फक्त शाळेत मागं पडतं, हे सिद्ध करायला मात्र विसाव्या शतकातली पाऊणशे वर्षं गेली. एवढा उशीर का झाला, त्याची ही गोष्ट आहे. विज्ञान कमी पडलं म्हणून नव्हे. "आधी पुरावा दाखवा, मग बघू," हे वाक्य फार कामाचं असतं म्हणून.

सुरुवात ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरातून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या डॉक्टरांकडं हातपाय लुळे पडलेली, नजर गेलेली मुलं येत होती. जॉन लॉकहार्ट गिब्सन या डोळ्यांच्या डॉक्टरनं १९०४ मध्ये कारण मांडलं: घराच्या व्हरांड्याच्या कठड्याला लावलेला रंग. त्या काळी पांढऱ्या रंगात शिसं असायचं. उन्हानं रंगाची भुकटी व्हायची, कठड्याला धरून खेळणाऱ्या पोरांच्या हाताला लागायची, आणि हात तोंडात. लहान मुलाचा हात दुसरा जाणार कुठं? तरीही क्वीन्सलंडमध्ये मुलांचा हात पोचेल तिथं असला रंग लावायला बंदी करणारा कायदा यायला १९२२ उजाडलं.

तेव्हाचं वैद्यकशास्त्र दोनच शक्यता मानायचं. शिसं बाधलेलं मूल मरतं, नाहीतर बरं होतं. बरं झालं की फाईल बंद. १९४३ मध्ये बोस्टनच्या रँडॉल्फ बायर्स आणि एलिझाबेथ लॉर्ड या दोघांनी अशा बंद झालेल्या फायली पुन्हा उघडल्या. "बरी होऊन घरी गेली" असा शेरा असलेली २० मुलं त्यांनी शोधून काढली. २० पैकी १९ मुलं शाळेत नीट चालत नव्हती. लक्ष लागत नाही, चिडचिड, हाताला वळण नाही. रोग गेला होता, खूण मेंदूत राहिली होती.

पण तोवर शिसं कठड्यावरून उतरून रस्त्यावर आलं होतं.

डिसेंबर १९२१. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली नावाचा इंजिनियर मोटारीचं नॉकिंग थांबवायच्या मागं लागला होता. त्याला टेट्राएथिल लेड सापडलं. पेट्रोलमध्ये चिमूटभर घातलं की इंजिन गप्प. १९२३ मध्ये विक्री सुरू झाली. नाव ठेवलं 'एथिल'. त्यातला 'लेड' शब्द नावातून गळाला, आणि तो चुकून गळाला असं मला तरी वाटत नाही. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या रिफायनरीत ते बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. त्याच महिन्याच्या अखेरीस मिजलीनं पत्रकार बोलावले, सगळ्यांसमोर ते द्रव्य हातावर ओतून घेतलं, मिनिटभर नाकाशी धरून हुंगलं आणि सांगितलं, काही होत नाही. हा गृहस्थ स्वतः १९२३ च्या सुरुवातीला शिशाच्या विषबाधेनं आजारी पडून सुट्टीवर गेला होता. पत्रकार परिषदेत दाखवलेल्या प्रात्यक्षिकावर किती विश्वास ठेवायचा, हे आमच्या धंद्यातल्या लोकांनी इथं टिपून ठेवावं.

मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला सरकारी बैठक झाली. डॉ. ॲलिस हॅमिल्टन आणि येल विद्यापीठाचे यांडेल हेंडरसन यांनी धोका सांगितला: कारखान्यातला कामगार मरतो तो दिसतो, रस्त्यावरच्या धुराचं हळूहळू काय होईल ते दिसणार नाही. पुढच्या वर्षी समितीनं निर्णय दिला की बंदी घालण्याइतकं कारण दिसत नाही, पुढे अभ्यास व्हावा. तो अभ्यास पुढची चाळीस वर्षं मुख्यतः एकाच माणसाच्या हातात राहिला, रॉबर्ट किहो. त्याच्या प्रयोगशाळेला पैसा शिशाच्या उद्योगाकडून यायचा. त्याचं म्हणणं: शिसं शरीरात निसर्गतःच असतं, शरीर ते बाहेर टाकतं, आणि रक्तात डेसिलिटरला ८० मायक्रोग्रॅमपर्यंत घाबरायचं कारण नाही. हे मोजलं कुणावर? धडधाकट प्रौढ पुरुषांवर. पोरं त्या हिशेबात नव्हतीच. गरोदर बायका तर दूरच.

किहोच्या "निसर्गतः असतं" या वाक्याला सुरुंग लावला तो एका दगडं तपासणाऱ्यानं. क्लेअर पॅटरसन पृथ्वीचं वय मोजत होता. १९५६ मध्ये त्यानं ते ४५५ कोटी वर्षं काढलं, आजही तोच आकडा चालतो. त्यासाठी त्याला दगडातलं शिसं मोजायचं होतं, पण प्रयोगशाळेतल्या हवेत, पाण्यात, स्वतःच्या केसांत इतकं शिसं की माप चुकायचं. मग त्यानं जिथं धूळ शिरणार नाही अशी खोली तयार केली, आणि त्याच्या ध्यानात आलं की आपण ज्याला 'नेहमीचं' म्हणतो ते 'नैसर्गिक' नाही. १९६५ मध्ये त्यानं लिहिलं की अमेरिकन माणसाच्या अंगात नैसर्गिक प्रमाणाच्या जवळपास शंभरपट शिसं आहे. ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांनीही तेच सांगितलं. सगळं गाव झिंगलेलं असेल तर शुद्धीवरचा माणूस कसा असतो हे ओळखायचं कशावरून, असा तो प्रकार होता.

आता मुलांकडं येऊ. शिसं मुलाला जास्त का बाधतं? मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातलं दहाएक टक्के रक्तात जातं, लहान मुलाच्या जवळजवळ निम्मं. दुसरं म्हणजे शिसं बहुरूपी आहे. शरीराला ते कॅल्शियम वाटतं. हाडात जाऊन बसतं, आणि मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देताना कॅल्शियम जिथं लागतं तिथं हे मध्येच घुसतं. मोठ्यांचा मेंदू बांधून झालेला असतो. मुलाचा बांधकामात असतो, कुठली जोडणी ठेवायची, कुठली तोडायची हे ठरत असतं. ओल्या गिलाव्यावर पाय पडला तर ठसा राहतो, वाळल्यावर पडला तर नाही. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसं आणखी जास्त शोषलं जातं. आपल्या अंगणवाडीतल्या वजन-उंचीच्या नोंदी ज्यांनी पाहिल्यात, त्यांना यातली गोम वेगळी सांगायला नको.

पण धडधाकट दिसणाऱ्या मुलाला बाधा झाली होती हे दाखवायचं कसं? रक्तातलं शिसं महिन्या-दोन महिन्यांत निम्मं होतं, मागचं काही सांगत नाही. हर्बर्ट नीडलमन या बालरोग आणि मानसोपचाराच्या डॉक्टरला उत्तर सुचलं ते फार साधं होतं. दुधाचे दात. दात हाडासारखाच, शिसं धरून ठेवतो, आणि आपणहून पडतो. आपल्याकडं पडलेला दात कौलावर फेकायची रीत. नीडलमननं बोस्टनजवळच्या चेल्सी आणि सॉमरव्हिल या गावांतल्या पहिली-दुसरीच्या पोरांचे दात गोळा केले, दोन हजारांहून जास्त मुलांचे. शिक्षिकांना विचारलं, मूल लक्ष देतं का, सांगितलेलं करतं का, सुरू केलेलं पुरं करतं का. दातात जितकं शिसं जास्त, तितके शिक्षिकांचे शेरे वाईट. बुद्ध्यांकातही चारेक गुणांचा फरक निघाला. १९७९ मध्ये हे छापून आलं. यातल्या एकाही मुलाला कुणी आजारी म्हटलं नव्हतं.

चार गुण म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. एका मुलाच्या बाबतीत कदाचित कळणारही नाही. पण अख्ख्या पिढीचे चार गुण गेले की वरच्या टोकाची हुशार मुलं निम्म्यावर येतात आणि खालच्या टोकाला, ज्यांना वेगळी मदत लागते, त्यांची गर्दी होते.

नीडलमनला याची किंमत मोजावी लागली. १९९१ मध्ये त्याच्यावर संशोधनात लबाडी केल्याचा आरोप झाला. आरोप करणारे शिसे कंपन्यांच्या बाजूनं कोर्टात साक्ष देणारे तज्ज्ञ होते. विद्यापीठानं चौकशी लावली, त्यानं ती उघड्यावर घ्यायला लावली, आणि लबाडीच्या आरोपातून तो सुटला. दरम्यान अमेरिकेतली 'चिंतेची पातळी' घसरतच होती: साठच्या दशकात ६०, मग ४०, ३०, १९८५ ला २५, १९९१ ला १०, २०१२ ला ५, आता ३.५. दरवेळी खालच्या आकड्याला सुरक्षित म्हटलं आणि दरवेळी खाली आणखी नुकसान सापडलं. जागतिक आरोग्य संघटना आता सांगते की शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही.

हे झालं जन्मानंतरचं. जन्माआधीचं काय? फार वर्षं डॉक्टरांची समजूत होती की वार म्हणजे कुंपण, आईच्या अंगातलं विष बाळापर्यंत जात नाही. ही समजूत मोडली ती दुसऱ्या विषानं, पाऱ्यानं. जपानच्या मिनामाता खाडीत चिस्सो कंपनी पारा सोडत होती, तो मासळीतून माणसांत गेला. १९५६ मध्ये रोग उघड झाला. काही आयांना त्रास किरकोळ, आणि त्यांची बाळं मात्र जन्मतःच मेंदूनं अधू. मासळी बाळांनी खाल्लीच नव्हती. डॉ. मासाझुमी हारादा या आयांकडं जात राहिले आणि त्यांचं ऐकत राहिले. १९६२ मध्ये हा पोटातच झालेला मिनामाता रोग आहे हे मान्य झालं. पुढे पुरावा सापडला तो घराघरांतल्या लाकडी डबीत. जपानी लोक बाळाची वाळलेली नाळ जपून ठेवतात. आपण पुरतो, आणि नाळ पुरली ते गाव आपलं म्हणतो. त्यांनी जपली म्हणून हारादांना वर्षांनंतर त्या नाळेतला पारा मोजता आला. म्हणजे वार कुंपण तर नव्हतीच, उलट आईच्या अंगातला पारा बाळाकडं ओढून नेणारी होती.

शिशाचंही तसंच. १९८७ मध्ये बोस्टनच्या डेव्हिड बेलिंजर आणि सहकाऱ्यांनी नाळेतल्या रक्तातलं शिसं मोजून त्या बाळांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं. जन्मतः जास्त शिसं असलेली बाळं विकासाच्या चाचणीत मागं पडली. आणखी एक गोष्ट पुढं आली, ती मला सगळ्यात अस्वस्थ करते. हाडातलं शिसं तिथं वर्षानुवर्षं राहतं. गरोदरपणात बाळाला कॅल्शियम द्यायला आईचं हाड झिजतं, तेव्हा त्याबरोबर जुनं शिसंही रक्तात उतरतं. म्हणजे मुलगी लहानपणी ज्या धुरात खेळली, त्यातला वाटा वीस-पंचवीस वर्षांनी तिच्या बाळाला मिळतो.

माझ्या वयाच्या लोकांचं बालपण त्याच धुरातलं आहे. भारतात शिसंविरहित पेट्रोल १ एप्रिल १९९५ ला चार महानगरांत आलं, तेही एम. सी. मेहता यांच्या सुप्रीम कोर्टातल्या याचिकेच्या रेट्यानं. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांना २००० च्या फेब्रुवारीपर्यंत थांबावं लागलं. त्याचा फरक मोजलेला आहे. १९९७ च्या तपासणीत मुंबईतल्या ६१.८ टक्के मुलांच्या रक्तात शिसं १० च्या वर होतं. पेट्रोल बदलल्यावर, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते ३३.२ टक्के निघालं. ना औषध, ना शिबिर, फक्त पंपावरचं पेट्रोल बदललं. आणि तरीही तीनातलं एक मूल उरलंच. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये थांबला.

मग उरलेलं शिसं येतं कुठून? २०२० च्या युनिसेफच्या अहवालानुसार भारतात सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात ते ५ च्या वर आहे. जुना रंग हे एक. घरगुती रंगात ९० पीपीएमच्या वर शिसं नको, हा आपला नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या भिंती, पाळणे, शाळांच्या खिडक्या आहेत तशाच आहेत. घासून नवा रंग देताना जी धूळ उडते तीच वाईट. दुसरी हळद. बांगलादेशात ग्रामीण गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं, आणि माग काढत संशोधक पोचले हळकुंडाच्या पॉलिशला. पिवळेपणासाठी लेड क्रोमेट चोळत होते. सरकारनं धाडी घातल्या, लोकांना समजावलं, आणि २०१९ ला बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत असलेली भेसळ २०२१ ला शून्यावर आली. दोन वर्षांत! २०२४ च्या एका अभ्यासात पाटण्याच्या बाजारातही असली हळद सापडली. सांगलीच्या हळदीवर मी बोट ठेवत नाही, तसा पुरावा माझ्याकडं नाही. पण जी पेठ हळदीवर जगते तिनं तपासणीची मागणी स्वतःहून करावी, त्यात तिचाच फायदा आहे.

तिसरं कारण जास्त जवळचं आहे: जुन्या बॅटऱ्या. इन्व्हर्टर, ट्रॅक्टर, ई-रिक्षा, सगळ्यांच्या बॅटरीत किलोंनी शिसं असतं. २००१ पासून नियम आहेत, २०२२ मध्ये नवे आले. जुनी बॅटरी अधिकृत ठिकाणीच गेली पाहिजे. प्रत्यक्षात भंगारातून ती फोडायला जाते, ॲसिड ओढ्यात, शिसं उघड्या भट्टीत. वितळवणाऱ्याच्या कपड्यांवरून ती धूळ घरी जाते आणि रांगणारं पोर जमिनीवरच असतं.

आपल्या तालुक्यात अशा भट्ट्या रात्री चालतात असं मला दोघा-तिघांनी सांगितलंय. जागा नक्की झाल्याशिवाय मी बातमी करणार नाही. कुणाच्या गावाजवळ, विशेषतः शाळा, अंगणवाडी किंवा पाण्याच्या विहिरीजवळ बॅटऱ्या फोडतात किंवा वितळवतात असं माहीत असेल, तर कॉमेंटमध्ये लिहू नका, मला मेसेज करा. नाव कुठं येणार नाही. आणि तिथं कामाला जाणाऱ्यांपैकी कुणी ओळखीचं असेल, तर त्यांना एवढंच सांगा की घरी आल्यावर पोराला उचलायच्या आधी कपडे बाहेरच बदला आणि हातपाय धुवा.