कापसाचा काटा आणि सुताचे गुण

वऱ्हाडांतील शेतकऱ्यास न्यायान्यायाचा पहिला धडा कापसाच्या बाजारांतील तराजूनें दिला. वर्षभराचे श्रम गाडींत भरून आणावे, आणि त्यांचें वजन व प्रत दोन्ही घेणाराच्या मर्जीवर ठरावीं, ही पूर्वीची रीत. कारंज्याचा बाजार १८८६ सालीं नियमांखालीं आला आणि १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्यानें मापाऱ्यांस परवाना व बाजारास समिति मिळाली. मोजणारा आणि घेणारा हे दोन असावेत, ही साधी गोष्ट तेव्हां कायद्यांत आली.

चाळीस वर्षांनीं हाच प्रश्न शाळेच्या दाराशीं उभा राहिला. ता. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्धा येथें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण-परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांची समिति नेमली गेली. विनोबा, काकासाहेब कालेलकर, श्रीकृष्णदास जाजू हे तिचे सभासद होते. शाळेच्या साडेपांच तासांपैकीं तीन तास वीस मिनिटें मूलोद्योगास द्यावीं, असें समितीनें सुचविलें. अमरावती व अकोला हे जिल्हे ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडांत मोडत, तेथील शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनीं 'विद्यामंदिर' योजना पुढें मांडली. (तिच्या नांवावरून जो वाद माजला, तो निराळा विषय आहे.) कापसाच्या या मुलखांत मूलोद्योग म्हणजे अर्थातच कांतणें.

निबंधाचे गुण देतांना दोन परीक्षकांचें पटत नाहीं, हा अनुभव जुनाच. सुताचें तसें नाहीं, असें प्रथमदर्शनीं वाटतें. चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लटी, चार लटींची म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. गुंडी काट्यावर घातली कीं अंक कळतो : दोन तोळ्यांच्या आंत-बाहेर भरली तर वीस नंबरी सूत, चार तोळे भरली तर दहा नंबरी. मुलास स्वतःलाहि हा हिशेब करतां येतो. त्रैराशिकाचा याहून चांगला धडा कोणता?

परंतु काटा बारीकी सांगतो, दोष कोणाचा हें सांगत नाहीं. वऱ्हाडचा कापूस मुंबई-लिव्हरपूलकडे 'ऊमरा' या नांवानें प्रसिद्ध होता. हें नांव अमरावतीवरूनच पडलें. हा कापूस आंखूड धाग्याचा; त्यांतून उंची अंकाचें सूत काढूं गेल्यास तार तुटते. लांब धाग्याच्या कापसावर कांतणाऱ्या मुलाच्या मापानें अकोल्याच्या मुलास मोजलें तर उणें गुण जमिनीस द्यावयाचे आणि नांव मुलाचें लिहावयाचें, असें होईल. पेळू दुसऱ्यानें वाईट पिंजला असला तरी तीच गोष्ट. सूत गांठाळ येतें, आणि शिक्षा कांतणारास.

याहून अवघड पेंच निराळाच होता. शाळेंतील माल सरकारनें विकत घ्यावा व त्यांतून शिक्षकाचा पगार निघावा, अशी अपेक्षा होती. म्हणजे गुण देणारा तोच, आणि अधिक सूत निघाल्यास ज्याचें भलें तोहि तोच! मुलांच्या मालाची धंदेवाईक कारागिरांशीं स्पर्धा होईल, असा आक्षेप प्रो. के. टी. शहा यांनीं परिषदेंतच घेतला होता. समितीच्या अहवालांतहि शिक्षक मुलांकडून होतील तेवढे श्रम काढून घेण्याच्या मागें लागतील, ही भीति स्पष्ट शब्दांत नमूद आहे. आपल्याच योजनेचा धोका आपणच लिहून ठेवणें, हा प्रामाणिकपणा सरकारी कागदांत विरळाच आढळतो.

अहवालानें प्रचलित परीक्षापद्धति टाकाऊ ठरविली. वर्ग चढविण्याचें काम शिक्षकानें वर्षभराच्या नोंदींवरून करावें. मात्र निवडक मुलांचें काम शिक्षणमंडळाच्या निरीक्षकांनीं स्वतंत्रपणें तपासावें आणि दरसाल कामाचें प्रदर्शन भरवावें, म्हणजे शाळाशाळांचीं मापें एकमेकांशीं ताडून पाहतां येतील. पुष्कळ मुलें मागें राहिलीं तर चौकशी मुलांची नव्हे, शिक्षकाच्या कामाची व्हावी, अशीहि सूचना होती.

शिक्षक तयार करण्यासाठीं १९३८ सालीं वर्ध्यास विद्यामंदिराची शाळा निघाली. नोव्हेंबर १९३९ मध्यें मंत्रिमंडळानें राजीनामा दिला. सात वर्षांच्या अभ्यासक्रमाची दोन वर्षेंहि तोंवर पुरीं झालीं नव्हतीं.