चौदा तासांची पोस्ट आणि ४८ तासांचा कायदा

एप्रिल महिना आला की आपल्या व्हॉट्सॲपवर एक पोस्ट फिरू लागते : बाबासाहेबांनी कामगारांचे चौदा तास एका फटक्यात आठ केले. आम्हीही ती पुढे पाठवलेली आहे. पण समोरचा कायद्याचे पुस्तक उघडतो तेव्हा आपण गप्प होतो. खरा इतिहास यापेक्षा लांब आहे, आणि तो आपलाच आहे.

१८८१ च्या फॅक्टरी कायद्यात प्रौढ कामगाराच्या तासांना मर्यादाच नव्हती. १८८४ मध्ये सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. मागण्या काय? रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, आणि काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. म्हणजे दिवस मावळल्यावर तरी घरी जाऊ द्या! रविवार मिळायला १० जून १८९० उजाडला. (रविवार ही इंग्रजांची मेहेरबानी म्हणणाऱ्यांनी लोखंडे वाचावेत.)

पुढे १९२२ ला आठवड्याचे ६० तास झाले, १९३४ ला बारमाही कारखान्यांत ५४. बाबासाहेब १९४२ ला मजूरमंत्री झाले ते या टप्प्यावर. त्यांच्या खात्याने आणलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने ५४ चे ४८ केले. दिवसाला एक तास कमी. तो तास लहान नव्हे.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ ला सांगितले की, आठवड्याला ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त असतो, हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्क्यांनी. २०१६ या एका वर्षात अशा लांब तासांमुळे जगात ७ लाख ४५ हजार माणसे गेली.

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवडा ४८ चाच राहील, जादा काम कामगाराच्या लेखी संमतीनेच, असे सांगतात.

संमती! मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना जास्त पगाराच्या विणकाम खात्यात घेत नसत, कारण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्णांना विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. कमी पगाराच्या खात्यात अडकवलेला माणूस जादा पाळीला नाही कसा म्हणेल? आज कंत्राटदाराने पुढे केलेल्या कागदावर अंगठा उठवणारा सफाई कामगार तरी कसा म्हणेल?